खाली बसता येणारा पाय

अबू एलियास कॉरिडॉरच्या टोकापर्यंत चालत गेले, वळले आणि परत आले. काठी नाही, कुणाचा हात नाही. रिसेप्शनवरच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्यांची मुलगी रीमा एका हाताने मोबाईलवर व्हिडिओ काढत होती आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसत होती. नव्या पायावर पहिल्याच आठवड्यात इतकं सरळ चालणारा पेशंट वर्षातून एखादाच भेटतो. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

"छान," अबू एलियास म्हणाले. "आता बसतो."

आमचा टेक्निशियन हुसाम याने लगबगीने खुर्ची पुढे केली.

"खुर्चीवर नाही. खाली."

कुणी काही म्हणायच्या आत ते भिंतीला हात लावून खाली सरकायला लागले. गुडघा वाकला, पण पोटरी आत वळेना. मांडी घालायची तर पोटरी आडवी व्हावी लागते, आणि कृत्रिम गुडघा बिजागरीसारखा असतो. पुढे-मागे हलतो, आडवा वळत नाही. पाय समोर फाटकासारखा पसरून राहिला. मागून येणाऱ्या एका पेशंटची व्हीलचेअर अडली. मी आणि हुसामने त्यांना दोन्ही काखांत धरून उठवलं.

"चालायला उत्तम आहे, डॉक्टर," माझा चेहरा बघून त्यांनीच मला धीर दिला. "पण माणूस चालतो तो कुठेतरी जाऊन बसायलाच ना?"

मी डॉक्टर नाही. मी रजनी साळवे, कृत्रिम पाय बनवते. इंग्रजीत आम्हाला प्रॉस्थेटिस्ट म्हणतात. मराठीत सुटसुटीत शब्द नाही, त्यामुळे श्रीरामपूरला माझी आई शेजारणींना "रजनी पाय बसवते" एवढंच सांगते. मुंबईत शिकले, सतरा वर्षांपूर्वी कुवेतला आले. बनेद अल-गारमधल्या एका खाजगी सेंटरमध्ये नोकरी करते आणि मंगफला राहते. पेशंटशी बोलणं अरबीत. अबू एलियास सिरियन अरबी बोलत, हुसाम इजिप्शियन, आणि मी कुवेती वळणाची मोडकीतोडकी. तिघांचं मिळून एक वाक्य पूर्ण व्हायचं.

अबू एलियास साठीचे, रुंद खांद्यांचे, होम्सकडच्या एका खेड्यातले. गावात मुसलमान वस्ती मोठी. ख्रिस्ती घरांच्या दोन गल्ल्या होत्या, त्यातली युद्धानंतर थोडीच उघडी राहिली. ते तिथल्या चर्चचे शम्मास होते. म्हणजे उपासनेत पाद्रीसाहेबांना मदत करणारा, बायकामुलं असलेला गावातलाच माणूस. पोटाचा धंदा मात्र सोबिया दुरुस्तीचा. सोबिया म्हणजे डिझेलवर चालणारी लोखंडी शेगडी. खोलीच्या मधोमध जमिनीवर ठेवतात, धुराचा पाइप भिंतीतून बाहेर काढतात. तिकडे थंडी कडक. चार महिने सगळं घर त्या शेगडीभोवती बसलेलं असतं.

युद्धात गाव रिकामं झालं. मग हळूहळू माणसं परतायला लागली. घरांना खिडक्या नव्हत्या, शेगड्या गंजून गेल्या होत्या. चर्चकडे द्यायला फारसं काही नव्हतं. पाद्रीसाहेब म्हणाले, "आपल्याकडे अबू एलियास आहेत." तेव्हापासून ठरलं, गावात जो कोणी परत येईल, मग तो कुठल्या का धर्माचा असेना, त्याची शेगडी चर्चतर्फे फुकट दुरुस्त होईल. अशाच एका फेरीत वाटेवर पुरलेला सुरुंग फुटला. डावा पाय गुडघ्याच्या वर गेला.

"कुणाकडे निघाला होतात?" मी विचारलं.

"उम्म खालिदकडे. आमच्या मागच्या गल्लीतली विधवा. तिची शेगडी अजून धूर सोडते म्हणे."

स्फोटाला दीड वर्ष झालं होतं. यांना काळजी शेगडीची.

रीमा कुवेतमध्ये एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. तिने व्हिजिट व्हिसावर वडिलांना आणलं होतं. व्हिसा संपायला तेव्हा पाच आठवडे उरले होते.

हुसाम सरळ माणूस आहे, मनात आलं ते विचारून टाकतो. त्याने विचारलं, "हज्जी, खरं सांगा. शेगडी दुरुस्त करता करता लोकांना ख्रिस्ती करता का?"

हज्जी हा मान मुसलमान वडीलधाऱ्यांना देतात हेही त्याच्या लक्षात आलं नाही. अबू एलियास इतके हसले की त्यांना पॅरलल बार धरावे लागले. (चालायचा सराव करायला दोन्ही बाजूंना कठडे असतात, ते.)

"अरे बाबा, घरात धूर असला की माणूस कुठलाच धर्म ऐकून घेत नाही," ते म्हणाले. "शेगडी पेटते. मग चहा येतो. मग बाई सांगते, मुलगा कुठे गेला, त्याचं शेवटचं पत्र कधी आलं. मी ऐकतो. माझं काम एवढंच. पण शेगडी जमिनीवर असते आणि बाईही जमिनीवर बसते. मी खुर्चीवर बसून काय ऐकणार?"

मी त्या दिवशी घरी जाताना गाडीत स्वतःवर चिडले होते. मी त्यांची तीस मापं घेतली होती. वजन, उंची, शुगर, बुटाचा नंबर, किती जिने चढता, सगळं विचारलं होतं. कुठे बसता, हे विचारलं नव्हतं. आणि हे मला सुचू नये? आमच्या गावच्या देवळात, आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो, चपला बाहेर काढून सतरंजीवर बसतात. पाळकसाहेबही भजनाला खाली बसतात, शेजारी तबला.

हे मी दुसऱ्या दिवशी अबू एलियासना सांगितलं तेव्हा ते चकित झाले. रजनी हे नाव ऐकून त्यांनी मला हिंदू धरलं होतं.

"भारतात ख्रिस्ती? आणि खाली बसतात? तबला वाजवतात?"

"हो. आणि आमचा शुक्रवारचा गट इथे कुवेतमध्येही मराठीत भजनं म्हणतो. फक्त इथे हॉल दोन तासच मिळतो, पुढे दुसऱ्या भाषेवाले दाराशी उभे असतात."

"मग तर तुम्हाला माझा पाय कळलाच पाहिजे," ते म्हणाले. सुटकेची वाटच ठेवली नाही.

उपाय मला माहीत होता. टर्नटेबल नावाचा एक पार्ट असतो, बिस्किटाएवढी जाड धातूची चकती. ती गुडघ्याच्या वर बसवतात. बाजूचं बटण दाबलं की गुडघ्यासकट खालचा सगळा पाय आडवा फिरतो आणि मांडी घालता येते. उठताना पाय सरळ फिरवला की कट् आवाज होऊन लॉक होतो. आखातात आणि आपल्याकडे याला मागणी असते.

अडचणी दोन होत्या. पहिली आमचे मॅनेजर, फैसल सर.

फैसल सरांनी या पेशंटसाठी आधीच दुसरं काही ठरवलं होतं. कॉम्प्युटर चिप असलेला नवा गुडघा. तो प्रत्येक पावलाला वेग मोजतो, उतारावर स्वतः ब्रेक लावतो. कंपनी एक नग आमच्या सेंटरला डेमोसाठी देणार होती आणि अबू एलियाससारखा दणकट पेशंट त्यांना हवाच होता.

"रजनी, असा गुडघा लोकांना स्वप्नात मिळत नाही," सर म्हणाले. "आणि तू त्याला लोखंडी चकती लावायला निघालीस?"

"सर, तो गुडघा रोज चार्ज करावा लागतो. त्यांच्या गावात लाईट दिवसाला दोन-तीन तास."

"पॉवर बँक दे."

"ती कुठे चार्ज करणार?"

सरांनी खिडकीबाहेर बघितलं. "सोलर?"

"सर, ते डिझेल, काजळी, राख यांच्यात काम करतात. बिघडला तर दुरुस्त कोण करणार? आणि इतकं करून खाली बसता येणार नाहीच."

"खाली बसणं इतकं महत्त्वाचं आहे?"

मी त्यांना शेगडीची आणि चहाची गोष्ट सांगितली. सर टेबलावरचं पेन फिरवत ऐकत राहिले. मग एकदम म्हणाले, "माझ्या वडिलांचे गुडघे गेले तेव्हा आम्ही दिवाणियात त्यांच्यासाठी खुर्ची आणली."

दिवाणिया म्हणजे कुवेती घरातली पुरुषमंडळींची बैठक. संध्याकाळी शेजारीपाजारी, नातेवाईक जमतात. सरांच्या घरची बैठक जुन्या पद्धतीची, गालिच्यावर लोड-तक्क्यांची.

"सगळ्यात चांगली खुर्ची आणली होती. सगळे येऊन त्यांच्या कपाळाचं चुंबन घ्यायचे आणि मग खाली बसायचे. गप्पा खाली चालायच्या. वडील वर एकटे. सहा महिन्यांत त्यांनी दिवाणियात येणंच सोडलं." सरांनी पेन ठेवलं. "चकती लाव. कंपनीला मी सांगतो. डेमोला दुसरा कोणी बघू."

एक अडचण सुटली. दुसरी इंचांची होती. अबू एलियासचा उरलेला पाय लांब होता. एरवी ती चांगली गोष्ट, जितका पाय जास्त तितकी ताकद जास्त. पण चकतीला जागा लागते. उरलेला पाय ज्या खोळीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. सॉकेट, मग चकती, मग गुडघा, असं एकाखाली एक लावलं तर कृत्रिम गुडघा खऱ्या गुडघ्यापेक्षा दोन बोटं खाली येत होता. हुसामने सॉकेटचं बूड घासून सपाट केलं, जोडणीची प्लेट बदलली. मी कपाटातला सर्वांत बुटका यांत्रिक गुडघा शोधला. तरी एक बोट फरक राहिलाच.

"खुर्चीवर बसलात तर डावा गुडघा थोडा पुढे दिसेल," मी त्यांना सांगितलं.

"बसमध्ये पुढच्याच्या पाठीला लागेल," ते म्हणाले. "तो मला माफ करेल. मी शम्मास आहे, माफ कसं करायचं ते मीच त्याला समजावीन."

हे सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असतानाच रीमा एकटी माझ्याकडे आली. हॉस्पिटलची ड्यूटी संपवून, युनिफॉर्मवरच. खुर्चीवर बसली, पर्स मांडीवर ठेवली.

"तुम्ही बाबांना परत पाठवायचा पाय बनवताय," ती म्हणाली.

मी म्हटलं, "रीमा, मी त्यांना खाली बसायचा पाय बनवतेय."

"एकच आहे ते. चिपवाला गुडघा असता तर त्याच्या सर्व्हिसिंगसाठी त्यांना इथे यावं लागलं असतं. काहीतरी करून मी व्हिसा वाढवला असता. आई गेली. भाऊ स्वीडनला. त्या रस्त्यावर अजून किती सुरुंग आहेत ते कुणाला ठाऊक नाही. आणि त्यांना शेगड्या सुचतायत!"

तिचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. मी माझ्या आईबद्दल सांगितलं. दर वर्षी तिला इकडे बोलावते. ती येते, लाड करून घेते आणि तिसऱ्या आठवड्यापासून अंगणातल्या कढीपत्त्याला पाणी कोण घालतंय याची चौकशी सुरू करते. चौथ्या आठवड्यात जेवण कमी होतं. तिकीट काढलं की भूक परत.

रीमाला हसू आलं, पण ती हरलेली नव्हती. "तुमच्या आईच्या अंगणात सुरुंग नाहीत," ती म्हणाली आणि पर्स उचलून निघून गेली.

पहिल्या ट्रायलला अबू एलियास पडले. दोष कुणाचाच नव्हता आणि आमच्या सगळ्यांचा होता. ते झोकात खाली बसले, मांडी घातली, दोन्ही हात वर करून हुसामकडून दाद घेतली. उठताना पाय सरळ फिरवला पण पुरता नाही. कट् आवाज झाला नव्हता. पहिल्याच पावलाला पाय आडवा फिरला आणि ते बारच्या मधोमध माझ्या बुटांवर येऊन बसले. लागलं नाही. पण उम्म खालिदच्या उंबऱ्यावर असं झालं तर?

"आवाज ऐकल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही," मी जरा जोरातच म्हणाले.

"डॉक्टर, सुरुंगाने या कानाचं बरंच नेलंय," ते शांतपणे म्हणाले. हेही मी विचारलं नव्हतं.

मग त्यांनीच चकतीवरून बोट फिरवलं. "शेगडीच्या डिझेलच्या नळाला आम्ही खूण करतो. दोन खाचा. समोरासमोर आल्या की नळ बंद. अंधारात बोटाला कळतं. इथे तसं करा."

हुसामने माझ्याकडे बघितलं. चकतीच्या धातूला खाच पाडायची नव्हती, लॉक कमजोर झालं असतं. आम्ही वरच्या आणि खालच्या कड्यांवर दोन पातळ पट्ट्या चिकटवल्या आणि त्या पट्ट्यांना खाच पाडली. पुढचे तीन दिवस अबू एलियासनी डोळे मिटून बसण्या-उठण्याचा सराव केला. बस, बटण, मांडी. सरळ, बोट, उठ. तीस वेळा सकाळी, तीस वेळा दुपारी. एकदाही चुकले नाहीत. मग मी त्यांना बारच्या बाहेर काढलं.

शेवटची ट्रायल सेंटरमध्ये घ्यायची नाही असं मी ठरवलं. सेंटरची फरशी गुळगुळीत आणि सपाट. घरात गालिचा असतो, उशा असतात, माणसं मध्ये येतात. रीमाचा फ्लॅटही मंगफलाच, माझ्या घरापासून दोन सिग्नल. मी रीमाला फोन केला. ती "या" म्हणाली. बाकी काही नाही.

शुक्रवारी उपासना आटोपून मी परस्पर तिकडे गेले. साडीवरच. दिवाणखान्यात गालिचा होता, त्यावर मेज. अबू एलियासनी आम्हाला मेज सरकवायला लावलं. मग सोफ्याच्या कडेला हात टेकून खाली बसले, बटण दाबलं, मांडी घातली. दोन वेळा बूड हलवून जागा पक्की केली, जशी आपली म्हातारी माणसं करतात.

रीमा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात चहाचा ट्रे. ती बघतच राहिली.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "तुम्ही शेगडीपाशी बसायचात त्याच उंचीचे दिसताय."

ती आली, ट्रे जमिनीवर ठेवला आणि त्यांच्या शेजारी मांडी घालून बसली. मलाही बसावं लागलं. अबू एलियासनी चहात साखर घातली, ढवळली आणि अचानक तिच्या आईबद्दल बोलायला लागले. शेवटच्या हिवाळ्यात ती शेगडीवर संत्र्याच्या साली ठेवायची, खोलीभर वास सुटावा म्हणून. रीमाला हे माहीत नव्हतं. ती तेव्हा इथे होती, फोनवर. दोन महिने वडील तिच्या घरात सोफ्यावर बसत होते आणि यातलं काही बोलले नव्हते. मी चहा संपवून हळूच उठले. कुणाचं लक्ष नव्हतं.

सोमवारी डिलिव्हरीच्या फॉर्मवर पेशंटबरोबर नातेवाईकाचीही सही लागते. रीमाने सही केली. पेन परत देताना म्हणाली, "एक अट. ज्या रस्त्याचे सुरुंग काढून झालेत त्याच रस्त्याने ते जाणार. मी पाद्रीसाहेबांकडून फोनवर कबूल करून घेतलंय. आणि वर्षातून एकदा पाय तपासायला इथे."

"वर्षातून एकदा तपासायलाच हवा," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

जाताना अबू एलियासनी फैसल सरांना मिठी मारली. सरांनी त्यांना खजुरांचा मोठा डबा दिला. हुसामने दोन जादा स्क्रू, ते पिळायची एक ॲलन की आणि बटणाची स्प्रिंग प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिली आणि दहा मिनिटं समजावून सांगितलं. त्यातली नऊ मिनिटं अबू एलियासच बोलत होते.

थंडी सुरू झाल्यावर रीमाने मला एक व्हिडिओ पाठवला. मातीच्या रंगाची खोली. मधोमध शेगडी. काळ्या कपड्यातली एक म्हातारी पाइपकडे बोट दाखवून काहीतरी तक्रार करतेय. अबू एलियास मांडी घालून तिच्यासमोर, शेगडीचं झाकण उघडून. मागून कुणाची तरी पोरं हसतायत. मग त्यांनी पँट पोटरीपर्यंत वर केली आणि पायात हात घालून स्क्रूड्रायव्हर काढला.

मी व्हिडिओ थांबवून बघितला. पाय खरा दिसावा म्हणून आम्ही नळीवर फोमचं आवरण घालतो, पोटरीच्या आकाराचं. मी ते दोन दिवस खपून घासलं होतं. गृहस्थांनी त्यात चाकूने बिळासारखा खिसा कोरला होता. आत स्क्रूड्रायव्हर, पक्कड आणि बहुधा काडेपेटी.

मी फैसल सरांना दाखवला. त्यांनी दोनदा बघितला.

"वॉरंटी?" त्यांनी विचारलं.

"गेली, सर."

"मला फॉरवर्ड कर," सर म्हणाले. "दिवाणियात दाखवतो."

कंपन्या पाय कसा बसला हे तपासायला यादी देतात. चाल सरळ आहे का, कंबर झुकते का, कातडी लाल होते का. मी ती यादी अजूनही भरते, नियम आहे म्हणून. पण माझ्यापुरतं मी एवढंच धरून चालते. पेशंटने आपल्याला न विचारता पायाला भोक पाडलं, की समजायचं, पाय आता त्याचा झाला.